बांधाकडचे जव

सुरुवातीला मला वाटलं, त्या कडेला पाणी कमी जातंय. बाकीचं शेत हिरवंगार होतं, बांधालगतचे जव तेवढे मलूल. पात्यांच्या टोकांवर जांभळट झाक, बुंध्याशी पिवळेपणा, आणि ऊन तापायच्या आधीच माना टाकलेल्या. मी ह्यांना म्हटलं, "अहो, बांधाकडे पाणी पोचत नाही वाटतं." हे दारात बसून बूट चढवत होते. "पोचेल," एवढंच म्हणाले.

पाणी पोचत होतं. तरी तो पिवळा पट्टा आत सरकत राहिला. एका सकाळी चहा निवत ठेवून हे उठले आणि तिकडे गेले. बराच वेळ परतले नाहीत म्हणून मी मागोमाग गेले, तर हे पट्ट्याच्या मधोमध उकिडवे बसून हातानं माती उकरत होते. वीतभर खाली गेल्यावर त्यांनी मूठभर माती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. गार होती. दाबली तर ओल बोटांना लागत होती.

"खाली पाणी आहे," हे म्हणाले. "मग हे तहानेनं मरतंय कसं?"

भरल्या हौदाशेजारी गुरं जीभ बाहेर काढून मरावीत, तसं ते दिसत होतं. मी ती माती खाली टाकली आणि हात पदराला पुसला. का कोण जाणे, पण पुन्हा पुन्हा पुसला.

हे उभे राहिले आणि बांधापलीकडे बघू लागले. बांध म्हणजे गुडघाभर उंचीची दगडांची रांग. पलीकडे पैलवानाचे बटाटे. गर्द हिरवे, माजलेले, एकाही पानाला डाग नाही.

"एकच उतार, एकच ऊन, एकाच विहिरीचं पाणी," हे म्हणाले. "आणि माझं मरतंय ते त्याच्याच बाजूनं."

पैलवान म्हणजे आमचा शेजारी. अंगानं नुसती काडी, जोराचा वारा सुटला तर बांधाला धरून उभा राहील असा, म्हणूनच शाळेत कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. हे आणि तो एकाच बाकावर बसून मार खाल्लेले. माझे सासरे इस्पितळात वारले तेव्हा ह्यांनी त्यांचा हात धरला होता आणि पैलवान बाहेरच्या व्हरांड्यात, जमिनीवर, गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्याच्या घरात काही खास शिजलं की एक वाटी बांधावरून आमच्याकडे यायची, आणि आमची चिंगी तर त्याच्या खांद्यावर बसूनच चालायला शिकली म्हटलं तरी चालेल. त्यामुळे ह्यांचं ते वाक्य मी मनावर घेतलं नाही. पीक जाताना बघून माणूस काहीही बोलतो.

ह्यांची धाकटी बहीण शहरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. माझ्याहून लहान, तरी मी तिला ताईच म्हणते. तिला फोन लावला. तिनं सांगितलं तशी ह्यांनी ठिकठिकाणची वरची वीतभर माती घेतली, एकत्र केली, पिशवीत भरून पाठवली. मग आम्ही वाट बघत बसलो. ताईचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते, आणि तिचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"दादा, माती चांगली आहे रे. थोडी आंबट आहे, पण पिकाला चालेल इतकीच. बाकी सगळं ठीक. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

मला हुश्श झालं. ह्यांनी फोन अगदी हळू खाली ठेवला.

"ऐकलंस? मातीत काही दोष नाही."

"बरं झालं की मग."

"बरं?" हे माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. उलट, खूप दिवसांचा हिशेब जुळल्यासारखा चेहरा शांत झाला होता. "मातीत दोष नाही, पाण्यात कमी नाही. म्हणजे वरून कुणीतरी काहीतरी टाकतंय."

त्या दिवसापासून आमच्या घराचा श्वासच बदलला.

आधी विहिरीला झाकण आलं. मग झाकणाला कुलूप. विहीर सामाईक होती, पैलवानाच्या आजोबांनी आणि ह्यांच्या आजोबांनी मिळून खणलेली. पैलवान सकाळी बादली घेऊन आला, कुलूप बघून थांबला, आमच्या घराकडे बघितलं आणि रिकामी बादली घेऊन परत गेला. एक शब्द बोलला नाही. मी खिडकीआड उभी होते. त्याच्या जागी मी असते तर आरडाओरडा केला असता. तो गप्प राहिला याचा अर्थ काय लावायचा, ते मला समजेना.

"बघितलंस?" हे मागून म्हणाले. "विचारलंसुद्धा नाही त्यानं. मनात काही नसतं तर विचारलं असतं."

मग सासऱ्यांची जुनी बंदूक माळ्यावरून खाली आली. रानडुकरं हाकायला घेतलेली, मी लग्न होऊन आल्यापासून ती कधी वाजलेली ऐकली नव्हती. ह्यांनी ती पुसली, तेल घातलं. जेवणाच्या टेबलावरच. चिंगीनं विचारलं, "बाबा, डुक्कर आलंय?" हे म्हणाले, "हो, येतंय रोज." आणि तिच्या गालाला हात लावला. त्या हाताला तेलाचा वास होता, आणि तो वास पोरीच्या गालावर दिवसभर राहिला.

हे आता शेतात काम करायचे नाहीत. बांधाजवळ खुर्ची टाकून बसायचे. बंदूक मांडीवर आडवी. पलीकडे पैलवान वाकून बटाट्यांना माती लावत असला, की हे त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. पैलवानाला ती नजर कळायची, हे मला त्याच्या खांद्यांवरून दिसायचं. काही दिवसांनी त्यानं तिकडच्या सऱ्यांत यायचंच सोडलं. बांधाकडे तण माजलं. हे म्हणाले, "येत नाही आता. पकडला जाईल म्हणून."

तो आला तरी गुन्हेगार, नाही आला तरी गुन्हेगार. हे मला कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती. एकदा बोलून बघितलं. "अहो, पैलवान असं कशाला करेल? त्याला काय मिळणार?" हे जेवता जेवता थांबले. माझ्याकडे बघत राहिले, नुसते बघत राहिले, आणि मग विचारलं, "तू कधी बोललीस त्याच्याशी?"

"मी? नाही हो."

"मग त्याची बाजू का घेतेस?"

मी ताट उचललं आणि मोरीत गेले. नळ सोडून भांडी घासायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही, घरात शिरलेलं मांजरसुद्धा काठीनं नाही, पायानं जमीन आपटून हाकलणारे. आणि आता माझ्या मनात आलं, आपलंही नाव संशयाच्या यादीत लागायला फार वेळ लागणार नाही.

भीती अशी असते, की एकदा घरात शिरली की ती कुणा एकाची राहत नाही. ह्यांचं म्हणणं न पटणारी मीसुद्धा चिंगीला पाणी देताना पेला उजेडाकडे धरून बघायला लागले. ह्यांचं खरं असलं तर? जे पिकाला मारतंय ते विहिरीत उतरलं असलं तर? मी दुकानाजवळच्या नळावरून घागरी आणायला लागले. तिथेच पैलवानाची बायको भेटली. तीही घागर घेऊन आली होती, त्यांना तर विहीर बंदच होती. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि माझं मनगट पकडलं.

"वहिनी, भाऊंना काय झालंय? आमचे हे मागच्या दारानं जातात-येतात हल्ली. रात्री झोपत नाहीत. काय चुकलं आमचं, ते तरी सांगा."

मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "काही नाही हो, पिकाचं टेन्शन आहे." तिनं मनगट सोडलं. तिला खोटं कळलं होतं.

घरी येऊन मी न्हाणीघरात कडी लावली आणि ताईला फोन केला. बंदुकीचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं.

"वहिनी," ती म्हणाली, "मी माती चांगली आहे म्हटलं, त्यावरून त्यानं हे काढलं?"

"हो."

"मी येते. त्याला सांगू नका, सहज आले म्हणते."

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. ह्यांनी तिला बघून हसायचा प्रयत्न केला. "बरं झालं आलीस. बघ डोळ्यांनी." ती पट्ट्यात फिरली, पानं बघितली, मग ह्यांना म्हणाली, "दादा, मला फावडं दे, आणि तू जरा गाडीतली माझी पेटी आण." पेटी आणल्यावर म्हणाली, "आता तू घरात जाऊन पड जरा. डोळे बघ कसे झालेत." हे गेले, पण बंदूक घेऊन गेले.

आम्ही दोघी खड्डा खणू लागलो. मातीत हात घालायची मला भीती वाटत होती, तरी घातला. कमरेइतकं खोल गेल्यावर ताईनं खड्ड्याची एक बाजू सुरीनं तासून गुळगुळीत केली, आणि मुळं दिसायला लागली.

मी तशी मुळं कधी बघितली नव्हती. वीतभर सरळ खाली आलेली, पांढरी, केसांसारखी बारीक. आणि तिथं, जमिनीत काहीच आडवं नसताना, एकाएकी थांबलेली. काही आखडून जाड झालेली, टोकं तपकिरी, हात लावला की कट्‌कन तुटणारी. काही तर आडवी वळली होती, खाली काहीतरी दिसल्यासारखी मागे फिरली होती. त्यांच्या खाली नुसती ओली माती. एक मूळ नाही.

"कशाला घाबरलीत ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ताईनं पेटीतून एक बाटली काढली आणि खड्ड्याच्या भिंतीवर वरून खाली थेंब टाकत गेली. वरच्या वीतभर मातीवर थेंब हिरवे झाले. त्याखाली पिवळे. आणखी खाली नारिंगी, जवळजवळ लाल.

ती खड्ड्यातच बसली. "अरे देवा. मी वरची वीतभरच मागवली. नेहमी तेवढीच मागवतो आम्ही."

"विष आहे?" मी विचारलं.

"बाहेरून आणून टाकलेलं नाही. खालची माती आंबट झालीय वहिनी, भयंकर आंबट. मातीत ॲल्युमिनियम असतंच, सगळ्या मातीत असतं, कणांत घट्ट बांधलेलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण माती एवढी आंबट झाली की ते सुटतं आणि ओलीत उतरतं. मुळाचं टोक त्याला लागलं की वाढ खुंटते. मूळ खाली जात नाही, पाणी खाली असून मिळत नाही."

"ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या जर्मनच्या पातेल्यातलं?"

"तेच."

मला त्याही परिस्थितीत हसू आलं. ज्या माणसासाठी बंदूक माळ्यावरून उतरवली होती, त्याच्या जागी आमच्या शेतात पातेलं निघालं होतं.

"मग पैलवानाचे बटाटे?"

"बटाट्याला चालतं आंबट. जवाला अजिबात सोसत नाही. जव म्हणजे या बाबतीत सगळ्यात नाजूक." मग तिनं भुवया आवळल्या. "पण बांधाकडूनच सुरू का व्हावं? अमोनियाच्या खतानं माती आंबट होते. दादा खत कसं टाकतो? यंत्रानं ना?"

हो, ट्रॅक्टरमागच्या यंत्रानं. आणि मला ते डोळ्यासमोर दिसलं. दर हंगामात ट्रॅक्टर बांधाशी येतो, वळतो, आणि वळताना हे यंत्र बंद करत नाहीत. तेच अमोनियाचं पांढरं खत तिथं दोनदा पडतं, वर्षानुवर्षं. सासरे होते तोवर आंबटपणा मारायला चुना आणून नांगराखाली खोल घालायचे. ते गेल्यावर ह्यांनी मागच्या हंगामात एकदाच चुना आणला, तोही वरवर भुरभुरला. हे सगळं मी ताईला सांगितलं.

"म्हणून वरची माती चांगली आली," ताई म्हणाली. "चुना खाली उतरायला फार काळ लागतो. वर हिरवं, खाली सगळं—"

तेवढ्यात घरातून चिंगीच्या रडण्याचा आवाज आला. रडणं आणि ओकण्याचा आवाज.

आम्ही धावलो. पोरगी मोरीजवळ वाकली होती, पोट धरून, ओठ पांढरेफटक. हे तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"झालं," हे म्हणाले. "पिकावरून आता पोरीवर आला."

"अहो, थांबा, आम्ही खणून बघितलंय, तसं काही—"

हे ऐकत नव्हते. मला बाजूला सारलं, धक्का दिला नाही, दरवाजा सारावा तसं सारलं, आणि बंदूक उचलून बाहेर पडले. ताई ओरडली, "दादा!" चिंगीनं पुन्हा ओकारी काढली.

त्या क्षणी मी पोरीकडे बघितलं आणि दाराकडे बघितलं. आई म्हणून कुठे जायचं हे ठरवता येईना. ताईनंच मला ढकललं. "मी हिला बघते. तुम्ही पळा!"

मी अनवाणी पळाले. जवांतून, पिवळ्या पट्ट्यातून, बांधावरून. बटाट्याच्या सऱ्यांत पडले, उठले. तोंडात माती गेली होती आणि मी देवाचं नाव घेत होते की ह्यांचं, तेही मला आठवत नाही. बंदुकीचा आवाज कधीही येईल म्हणून कान ताठ झाले होते.

पैलवान अंगणात पोत्यांपाशी होता, पाठ भिंतीला टेकलेली, चिखलाचे हात छातीपर्यंत वर. खिडकीत त्याच्या बायकोचा चेहरा. हे त्याच्यासमोर उभे. बंदूक कमरेशी धरलेली, पण नळी पैलवानाच्या पोटाकडे.

"सांग," हे म्हणत होते. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पोरगी ओकतेय तिकडे. काय टाकलंस ते सांग."

"मी काही नाही रे टाकलं. तुझी शपथ, पोरीची शपथ—"

"तिचं नाव घेऊ नकोस."

नळी वर सरकली. पैलवानाचे डोळे तिच्याबरोबर वर सरकले. आणि मग तो म्हणाला, "टाकलं. टाकलं मी. मीच टाकलं. ती खाली घे."

ह्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, श्वास सोडल्यासारखा. आणि खोटं कशाला सांगू, मी ती मुळं डोळ्यांनी बघून आले होते, तरी क्षणभर माझाही विश्वास बसला. माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय म्हटल्यावर आणखी काय लागतं?

मग मी त्याच्या पँटकडे बघितलं. ती ओली झाली होती.

मी पुढे झाले. ह्यांच्या आणि त्याच्या मधे जायचं धाडस नव्हतं, कडेनंच उभी राहिले. आवाज कसाबसा काढला.

"काय टाकलंस?"

"ते... औषध. तणावरचं."

"मीठ टाकलंस का?"

त्यानं ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, काय उत्तर हवंय ते शोधत. "हो. मीठपण."

"रॉकेल?"

"हो, वहिनी. रॉकेल."

"काचा कुटून टाकल्यास?"

"टाकल्या."

"गप्प बस गं," हे म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर आठी आली होती.

पुढचं विचारू की नको असं झालं, कारण चुकलं तर त्याचा जीव माझ्या शब्दानं जाणार होता. पण दुसरं काही सुचलं नाही.

"आणि मामंजींना?" मी म्हटलं. "ते इस्पितळात गेले ते तुझ्यामुळंच ना? तूच मारलंस त्यांना?"

पैलवानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं मान हलवली. "हो," तो म्हणाला. "मीच मारलं. सगळं मीच केलं. मला मारू नको रे."

ह्यांनी बापाचा हात शेवटपर्यंत स्वतः धरला होता. व्हरांड्यात जमिनीवर कोण बसलं होतं, कुणी रडून रडून घसा बसवून घेतला होता, हे ह्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी बघत होते. आधी ह्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. मग बंदुकीची नळी थोडी थोडी खाली आली आणि जमिनीला टेकली. हे त्याच्याकडे असे बघत होते जणू तो आत्ता, या क्षणी, समोर उभा राहिला होता.

मी बंदुकीला हात घातला. ह्यांची बोटं सुटेनात. त्यांना सोडायची होती, पण बोटं आवळून बसली होती, ती मला एकेक करून सोडवावी लागली.

"चला," मी म्हटलं. "चिंगीकडे चला."

मागे दार आपटलं. आतून एकामागून एक कड्या लागल्याचे आवाज आले.

ताईनं चिंगीला गाडीत घालून ठेवलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काय काय खाल्लंस विचारलं, तेव्हा पोरीनं रडत सांगितलं, वाटेवरच्या झाडाची कच्ची आलुबुखारं. फ्रॉकच्या खिशात आणखी दोन निघाली. ह्यांनी तिला बाहेर खेळायची बंदी केली होती, तेव्हापासून ती मागच्या वाटेनं पळून जायची, आणि भूक लागली तरी घरी यायची नाही. का, ते तिनं डॉक्टरांना नाही सांगितलं. मला घरी आल्यावर सांगितलं. म्हणाली, "बाबा बंदूक घेऊन बसतात ना, म्हणून."

येताना ताईनं गाडी चौकीपाशी थांबवली आणि बंदूक आत देऊन आली. ह्यांनी हरकत घेतली नाही. गाडीत मागच्या बाजूला बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते.

घरी आल्यावर हे सरळ त्या खड्ड्यात उतरले. ताईनं कडेला बसून त्यांना सगळं समजावलं, मला सांगितलं तसंच. बाटलीतले थेंब टाकून दाखवले. ट्रॅक्टर वळतो त्या जागेपाशी आली तेव्हा ती चाचरली. ह्यांनी तिचं वाक्य पुरं केलं.

"मीच," हे म्हणाले. "माझ्याच हातानं."

"दादा, पुष्कळ जणांच्या शेतात होतं हे. आणि मीही आधी चुकीचं सांगितलं तुला."

"तू मातीबद्दल सांगितलंस," हे म्हणाले. "पैलवानाबद्दल नाही."

विहिरीचं पाणीही ताईनं तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही. कुलूप ह्यांनीच तोडलं, किल्ली असून. पण पैलवान किंवा त्याची बायको पाण्याला आली नाहीत, दुकानाजवळच्या नळावरच जात राहिली. तो तक्रार करेल, चौकीतून माणसं येतील, असं मला रोज वाटायचं. वाटेवर गाडीचा आवाज आला की हातातलं भांडं खाली ठेवून मी दाराकडे बघायची. कुणी आलं नाही. तो तक्रार करायलाही घाबरत होता, आणि ते मला जास्त लागलं.

त्या हंगामात पट्ट्यातल्या जवांना ओंब्या धरल्याच नाहीत. कापणीनंतर ह्यांनी चुना आणला आणि खोल नांगरून खाली घातला, ताई म्हणाली तितका. ती म्हणाली, एका वर्षात होणार नाही, दमानं घे. हे दमानं घेत होते. फार हळू बोलायचे, फार हळू चालायचे. मी मात्र बदलले होते. हे टेबलावरून एकदम उठले, की माझी नजर आधी चिंगी कुठे आहे ते शोधायची. ह्यांनाही ते दिसायचं. हे मग खुर्ची हळूच मागे सरकवून उठायला लागले.

एका सकाळी हे आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून उभे राहिले. "पैलवानाकडे जातो," म्हणाले. "तू येतेस?"

मी चिंगीचा हात धरून निघाले. बांधावरून नाही, रस्त्यानं, पुढच्या दारानं. मी फाटकापाशी थांबले. ह्यांनी कडी वाजवली. आत पावलं आली आणि दाराशी थांबली.

"मी आहे रे," हे म्हणाले.

श्वास ऐकू येत होता की मला भास झाला, सांगता येत नाही.

"माफी मागायला आलोय. दार नको उघडूस. मी इथूनच बोलतो." आणि मग हे बोलू लागले. खड्ड्याचं, मुळांचं, ट्रॅक्टर वळायच्या जागेचं. कसंतरीच, तुटक तुटक, मधेच थांबून. इस्पितळातल्या व्हरांड्यापाशी आले आणि पुढे त्यांना बोलता येईना. कपाळ दाराला टेकवून उभे राहिले. चिंगीनं माझा हात घट्ट धरला.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. "बंदूक कुठंय?"

"दिली. चौकीत. परत आणणार नाही."

मग साखळी अडकवल्याचा आवाज आला आणि दार बोटभर उघडलं. त्या फटीतून मला पैलवानाचा एक डोळा दिसला. तो ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता.

"आज बायको माहेरी गेलीय," तो म्हणाला. "ती आली की ये. घरात मी एकटा असताना येऊ नको."

"बरं," हे म्हणाले. "ती आली की येतो."

दार लागलं. हे पायऱ्या उतरून आमच्याकडे आले, आणि आम्ही तिघं रस्त्यानं घराकडे चालू लागलो. चिंगी ह्यांच्या बाजूला गेली नाही, माझ्याच बाजूनं चालत राहिली, आणि हेही दोन पावलं अंतर ठेवून चालले.